पावणेदहाचा व्हॉल्व्ह

दोन हजार चोवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बनशंकरीतल्या तीन ब्लॉकांच्या एका वसाहतीत पाणी सोडायचं काम मी करत होतो, आणि त्याला एकतीस वर्षं झाली होती. पंप मी बघतो, व्हॉल्व्ह मी फिरवतो, टाकी कधी धुवायची ते मी सांगतो. कमिट्या आल्या आणि गेल्या. मी तिथेच.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी वडिलांनी घरी पाटीवर शिकवलं. आमचं घराणं या गावात किती पिढ्यांचं ते मला सांगता यायचं नाही, पण पुण्याहून आलेली माणसं माझं मराठी ऐकून हसतात. हसू देत. माझं अक्षर बघून कोणी हसलेलं नाही. पाण्याचं रजिस्टर मी लिहितो ते कोणीही उघडून बघावं, एक खाडाखोड सापडायची नाही. ए साडेपाच, बी सहा, सी साडेसहा, मोटार बंद सात. खाली सही. शेवटचा रकाना शेरा लिहायचा, तो कोराच. शेरा लिहावा असं माझ्या हातून काही झालंच नाही, असं मी लोकांना सांगायचो.

काम असं असतं. पंपाची खोली जमिनीखाली आहे, सोळा पायऱ्या उतरून. तिथे संपातलं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं, पाणी वर ओढणारी मोटार आणि ओळीने तीन व्हॉल्व्ह, एकेका ब्लॉकच्या टाकीचा एकेक. एकाला अर्धा तास द्यायचा, मग तो बंद करून पुढचा उघडायचा. खाली हवा कोंदट असते, म्हणून मधल्या वेळात मी वर येतो. म्हणजे सकाळी तीन-चारदा उतरायचं, तीन-चारदा चढायचं. रजिस्टर वर गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत असतं. सगळं झालं की मी तिथे बसतो, चहा घेतो आणि लिहितो.

उन्हाळ्याच्या तोंडाला कमिटीने पंपाच्या खोलीत एक पेटी बसवली. करड्या रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यातून तीन वायरी निघून माझ्या तीन व्हॉल्व्हना चिकटलेल्या. सेक्रेटरी बाई मला समजवायला खाली आल्या. त्या पुण्याच्या, कंपनीत मोठ्या जागेवर, वय चाळीसच्या आत. नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "काका, आता तुम्हाला काही लिहायची गरज नाही. तुम्ही व्हॉल्व्ह ओपन केला की ही पेटी मेसेज पाठवते. मेसेज सर्व्हरला जातो. सर्व्हर लॉग ठेवतो आणि आम्हाला फोनवर दिसतं."

"सर्व्हर कुठे बसतो?"

"बसत नाही हो. क्लाउडवर असतो."

"आणि लॉग म्हणजे?"

"रजिस्टरच. फक्त माणूस लिहीत नाही."

मी म्हणालो, सरी, ठीक आहे, त्याला त्याचं लिहू दे, मी माझं लिहितो. त्या हसल्या. पुढचे तीन आठवडे दोन्ही रजिस्टरं चालली. माझं गेटवर, त्याचं आभाळात.

मग तो गुरुवार आला. त्या सकाळी मी सी उघडून पायऱ्या चढत होतो आणि करंट गेला. अंधार झाला. भिंत चाचपत वर आलो. वॉचमनला सांगितलं, सीचा व्हॉल्व्ह उघडाच आहे, करंट आला की मोटार तेवढी दाब. रजिस्टर लिहिलं, सही केली, घरी गेलो. जाताना बी ब्लॉकच्या भिंतीवरून पाणी ओघळताना दिसलं. टाकी भरून वाहत होती. मनात म्हटलं, बॉलकॉक गेला असणार, प्लंबरला झापलं पाहिजे.

करंट साडेनऊच्या पुढे आला. तोवर सी ब्लॉकमध्ये नळ कोरडे. नेमका त्या दिवशी सीमधल्या एका निवृत्त साहेबांकडे मुलीचा साखरपुडा. नागपूरकडचे पाहुणे आदल्या दिवशीच येऊन उतरलेले, बावीस माणसं, आणि अंघोळीला पाणी नाही. साहेब सरकारी कारखान्यात मोठे इंजिनियर होते. त्यांनी कॅन मागवले, पाहुण्यांना ए आणि बीमधल्या ओळखीच्यांकडे पाठवलं, आणि संध्याकाळी सेक्रेटरी बाईंना फोन केला.

रविवारी मला मीटिंगला बोलावलं. एकतीस वर्षांत मीटिंगला मी खुर्च्या मांडायला गेलो असेन, बसायला पहिल्यांदा.

साहेबांनी फोन माझ्यासमोर धरला. "वाचता येतं ना?"

"आकडे येतात."

ए पावणेसहा. बी सव्वासहा. सी पावणेदहा.

"करंट साडेनऊला आला," साहेब म्हणाले. "तुम्ही सीचा व्हॉल्व्ह पावणेदहाला उघडलात. ए आणि बी वेळेवर, सी विसरलात. आणि रजिस्टरमध्ये साडेसहा लिहून मोकळे झालात."

"मी पावणेदहाला इथे नव्हतोच. घरी होतो. बायकोला विचारा, वॉचमनला विचारा."

"मशीन खोटं बोलत नाही, काका."

"मग मी बोलतो म्हणता?"

सेक्रेटरी बाईंनी एक कागद पुढे सरकवला. इंग्रजीत टाईप केलेला होता. त्यांनी सांगितलं, यात एवढंच आहे की त्या दिवशी माझ्याकडून सीचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला आणि रजिस्टरमध्ये चुकीची वेळ लिहिली गेली. सही केली की विषय संपला. नाही केली तर कमिटीला एक तारखेपासून दुसरा माणूस बघावा लागेल.

"काका, प्लीज," त्या हळू म्हणाल्या, "फॉर्मॅलिटी आहे."

मी म्हणालो, "अक्का, जे केलं नाही ते मी लिहून देणार नाही. माणूस बघायचा तर बघा."

घरी आलो तर बायको चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. तिने विचारलं, "त्यांच्या फोनमध्ये तुमचं आधीचं काय काय लिहिलंय ते बघितलंत?"

"ते कशाला?"

"एक दिवसाचं बघून कसं कळणार, लबाड कोण आहे ते."

मला तिचा राग आला. पण दुपारी उठून परत वसाहतीत गेलो आणि वॉचमनच्या फोनवर बघितलं, त्यालाही ते अॅप दिलेलं होतं. तीन आठवड्यांचं सगळं खाली खाली सरकवत गेलो. ए पावणेसहा, बी सव्वासहा, सी पावणेसात. दुसऱ्या दिवशी ए पावणेसहा, बी सव्वासहा, सी पावणेसात. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

मी बराच वेळ ते बघत बसलो. डोक्यात काही शिरेना. मी ए साडेपाचला उघडतो, मग हा पावणेसहा का म्हणतो? आणि म्हणतो तर रोज बरोबर पावणेसहाच का? कधी त्रेचाळीस नाही, कधी सत्तेचाळीस नाही. सव्वा नाहीतर पावणे. सोळा पायऱ्या उतरून हात लावणाऱ्याची वेळ अशी येत नाही. अशी वेळ खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याची असते. मला ते एकदम ओळखीचं वाटलं. का ओळखीचं वाटलं, ते तेव्हा मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी आत येऊ दिलं नसेल.

तसाच सेक्रेटरी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"अक्का, हा तुमचा सर्व्हर जागेवर जाऊन लिहीत नाही. मागाहून लिहितो."

"म्हणजे?"

"पेटी बसवणाऱ्या माणसाला बोलवा. त्याच्यासमोर होऊ दे. त्याने म्हटलं मी लबाड, तर तुमच्या कागदावर सही करतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. त्या सव्वा-पावणेवर त्यांचीही नजर अडकली असावी, कारण त्यांनी लगेच फोन लावला.

सोमवारी अकरा वाजता पेटीवाल्यांची इंजिनियर आली. बाईमाणूस, पस्तिशीची, हेब्बाळहून येताना ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून आलेली. कन्नड बोलणारी. मला अज्जा म्हणाली. खाली पंपाच्या खोलीत ती, मी आणि सेक्रेटरी बाई असे तिघं. तिने उलट्या बादलीवर लॅपटॉप ठेवला आणि पेटीला एक वायर जोडली.

"अज्जा, तुम्ही बरोबर बोललात. ही मागाहूनची वेळ आहे."

सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "पण मेसेज तर लगेच जातो ना?"

"नाही मॅडम. खाली नेटवर्क स्वल्पच आहे. म्हणून पेटी ओळी साठवते आणि दर पंधरा मिनिटांनी गठ्ठा पाठवते. आमच्याकडे रांग असते. कितीतरी इमारतींतून ओळी येतात, त्या आधी रांगेत उभ्या राहतात. सर्व्हर पुढची ओळ घेतो, लिहितो, मग त्याच्या मागची घेतो. रांग नसती तर गर्दीत अर्ध्या ओळी हरवल्या असत्या."

"मग पावणेदहा?" मी विचारलं.

"गुरुवारी सातच्या आधी करंट गेला. करंटबरोबर वरचा वायफायचा डबा बंद. पेटीला बॅटरी आहे, ती जागी होती, पण पाठवणार कुठून? सातचा गठ्ठा अडकला. करंट आल्यावर पावणेदहाला गेला. सर्व्हरने ओळ हातात पडली तेव्हाची वेळ लिहिली."

मला कळल्यासारखं वाटत होतं आणि परत निसटत होतं. मी म्हणालो, "थांब. व्हॉल्व्ह सकाळी उघडला. ओळ पावणेदहाला पोचली. मधले तीन तास ती ओळ होती कुठे?"

"पेटीतच. थांबून होती."

"एकटी?"

ती हसली. "नाही. करंट गेल्याची ओळ तिच्या मागे होती, मोटार बंद पडल्याची तिच्या मागे."

"आणि तिकडच्या रांगेत कोण उभं करतं त्यांना? टोकन देणारं कोणी बसलंय?"

"कोणी नाही, अज्जा."

"मग कोणी मधे घुसलं तर?"

"नाही घुसत."

यावर माझा आजही विश्वास नाही. या गावात माणूस नसलेली रांग सरळ राहते हे मी बघितलेलं नाही. पण तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती. मी सेक्रेटरी बाईंकडे वळून म्हणालो, "ऐकलंत ना."

त्या खरंच ओशाळल्या. "सॉरी, काका. आम्ही आधी विचारायला हवं होतं."

इंजिनियर लॅपटॉपवर बोट चालवत होती. "चूक आमची आहे. फोनवर पोचल्याची वेळ दाखवली, घडल्याची दाखवायला हवी होती. प्रत्येक ओळ निघताना आपली वेळ बरोबर घेऊनच निघते. ही बघा, इथे खरी वेळ आहे."

आणि तिने पडदा माझ्याकडे फिरवला.

ए पाच तेहेतीस. बी सहा चार. सी सहा बावन्न. त्याच्याखाली, सहा अठ्ठावन्न, करंट गेला.

मी ते आकडे तीनदा वाचले. सहा बावन्न. म्हणजे सीला पाणी मिळालं सहा मिनिटं. पाहुण्यांच्या अंघोळीला पाणी कुठून असणार. आणि सीची मिनिटं गेली बीला. बीच्या भिंतीवरून पाणी वाहत होतं ते आठवलं. बिचाऱ्या प्लंबरला मी शुक्रवारी झापलंही होतं.

"आधीचे दिवस आहेत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

होते. तिने खाली खाली दाखवलं. सी सहा छत्तीस. सहा एकेचाळीस. सहा चव्वेचाळीस. सहा अडतीस. साडेसहा एकही दिवस नव्हते.

सेक्रेटरी बाईंना ते दिसलं की नाही मला माहीत नाही. दिसलं असेल तर त्यांनी न बघितल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, "दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतातच. मेन म्हणजे, पावणेदहा नव्हते. मी सगळ्यांना मेसेज टाकते. तो कागद विसरून जा, काका." आणि त्या वर गेल्या, त्यांची मीटिंग होती.

इंजिनियर वायरी गुंडाळत होती. तिने सहज विचारलं, "अज्जा, तुमचं रजिस्टर तुम्ही केव्हा लिहिता?"

"सगळं झाल्यावर. वर जाऊन."

"तोवर वेळा लक्षात राहतात?"

मी हो म्हणणार होतो. माझ्या हातावर घड्याळ होतं, तीस वर्षांपूर्वीचं, चालू स्थितीतलं. त्या घड्याळाकडे बघून मी वेळ शेवटची कधी लिहिली होती? मी साडेसहा लिहितो कारण सी साडेसहाला उघडायचा असतो. जे व्हायला हवं ते लिहायचं, रजिस्टर असंच लिहितात, असं मी धरून चाललो होतो. शिकवलं कोणी, आठवत नाही. त्यात लबाडी आहे हे एकतीस वर्षांत एकदाही मनाला शिवलं नव्हतं.

जाताना तिला पायऱ्यांवर मी पुढे जा म्हटलं. मी मागे राहिलो, कारण आठव्या पायरीवर मला टेकायचं होतं.

तिथे बसल्यावर एकेक सुटत गेलं, तरी पूर्ण नाही. करंट गेला तेव्हा मी चढत होतो. साडेसहाला सी उघडणारा माणूस सातला दोन मिनिटं कमी असताना चढत कसा असेल? हे मी चार दिवस सगळ्यांना आपल्या तोंडाने सांगत होतो, आणि मलाच ऐकू गेलं नव्हतं. मग साडेसहा ते सहा बावन्न मी होतो कुठे? ओळ पेटीत होती. मी कुठे होतो? इथेच, आठव्या पायरीवर, हे तर उघड होतं. पण झोपलो होतो, की नुसता बसलो होतो, की गुडघा दाबत होतो, हे मला आजही सांगता येत नाही. आतून काहीच सापडत नाही.

घरी जाऊन बायकोला म्हणालो, "निकाल लागला. पावणेदहा खोटं निघालं."

"बरं झालं. मग तोंड का असं?"

"साडेसहाही खोटं निघालं."

तिने भाताचं पातेलं उतरवलं. "तुम्ही पायरीवर बसता ते ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"गेटवरची फूलवाली अक्का. गणपतीपासून सांगतेय. म्हणाली, तुमचे यजमान खाली उतरले की वर यायला वेळ लावतात, स्वल्प बघा."

"आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय म्हटलं असतंत?"

मी जेवायला बसलो. म्हटलं असतं, की माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. अजूनही तेच तोंडावर आलं होतं.

"मी रविवारी म्हणाले ना," ती वाढता वाढता म्हणाली, "दोघांतला लबाड कोण ते बघा म्हणून. मला वाटलं तुम्ही दोन्हीकडचं बघाल."

"तुला माझ्यावर संशय होता तर."

"संशय कसला. गुडघ्यावर होता."

मी जेवून उठलो. सेक्रेटरी बाईंचा मेसेज तोवर सगळ्यांना गेला होता. वॉचमनने फोन करून वाचून दाखवला. तांत्रिक चुकीमुळे वेळ चुकीची दिसली, काकांचा दोष नाही. साखरपुड्याच्या साहेबांनी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं म्हणे. मला बरं वाटायला हवं होतं. मी रेडिओ लावला आणि बंद केला. माझा दोष नाही हे लिहून आलं होतं, आणि ते ज्या मशीनच्या जोरावर आलं त्याच मशीनला माझे सहा बावन्न ठाऊक होते. आता ते पुसलं जाणार नव्हतं. कुठेतरी आभाळात, कोणी माणूस नसलेल्या खोलीत, ते बरोबर वेळेसकट लिहिलेलं राहणार होतं. आणि गेटवर माझ्या सुरेख अक्षरात साडेसहा.

तो कागद मी सही न करता परत केला याचा मला अजूनही अभिमान आहे. त्यात लिहिलं होतं की मी उघडायला विसरलो. मी विसरलो नव्हतो. पण त्यातलं दुसरं वाक्य, चुकीची वेळ लिहिली गेली, ते वाक्य रात्रभर माझ्या बाजूला पडून होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी पाचलाच गेटवर गेलो. वॉचमनकडून रजिस्टर घेतलं आणि गुरुवारचं पान काढलं. साडेसहावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सहा बावन्न लिहिलं आणि सही केली. मग रजिस्टर काखेत मारून सोळा पायऱ्या उतरलो. ए उघडला, घड्याळ बघितलं, उभ्यानेच लिहिलं, पाच चौतीस. अक्षर वाकडं आलं. बीला सहा पाच. मग चढताना आठव्या पायरीवर टेकलो, आणि उठलो तेव्हा परत घड्याळ बघून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सहा सात ते सहा एकोणीस पायरीवर बसलो.